जामीन कोण राहील?



९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात 'जामीन' हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. एका रविवारी मिस्सानंतर एका भाविकाने मला विचारले, "फादर, अशा गुन्ह्यात न्यायालय जामिनाचा अर्ज ऐकूनच का घेते?" या प्रश्नामागचे दुःख खरे आहे.

पण अर्ज ऐकणे म्हणजे जामीन देणे नव्हे. आरोपी पळून जाईल काय, पुरावा नष्ट करील काय, साक्षीदारांना धमकावील काय, हे न्यायाधीश पाहतात. गुन्ह्याचे गांभीर्य व प्रथमदर्शनी पुरावाही पाहतात. मकोकासारख्या कायद्यात तर जामीन मिळणे फारच कठीण असते. घाबरलेल्या साक्षीदाराचे रक्षण करणे हासुद्धा न्यायच आहे.

शिक्षा मात्र घडलेल्या कृत्याबद्दल असते आणि ती दोष सिद्ध झाल्यावरच देता येते. जामिनाचा निर्णय पुढे काय होईल याचा विचार करून घेतात. म्हणून निकालापूर्वीची कोठडी ही खबरदारी आहे, शिक्षा नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्याकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडे जातो. तिथे एखाद्या भांडणात त्याला अटक झाली व जामीन मंजूरही झाला, तरी जामीनदार कुठून आणायचा? सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही, ओळखीचे सगळे बीडला. न्यायालयाने सोडा म्हटले तरी तो आतच राहतो. त्याला आत ठेवणारी गोष्ट ना दोष, ना धोका, केवळ गरिबी.

१९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे असेच झाले. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य केले व १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यास सांगितले. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने निर्देश दिले की, जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. हे आपल्या वस्तीत सर्वांना सांगा.

नीतिसूत्रांचे पुस्तक परक्यासाठी घाईने जामीन राहू नये असे बजावते. तो इशारा शहाणपणाचा आहे. आरोपी तारखेला आला नाही तर जामीनदाराला पैसे भरावे लागतात. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ वाचा. थेस्सलनीका येथे पौल व सीला यांना घरात घेतल्याबद्दल यासोनला अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले आणि जामीन घेऊनच सोडले. पाहुण्यासाठी त्याने स्वतःवर जोखीम घेतली.

मग आपण काय करावे? ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी सही करू नये. पण ज्याचे घर ठाऊक आहे, जो तारखेला नक्की येईल याची खात्री आहे, त्याच्यासाठी "कशाला लफड्यात पडायचे?" म्हणून पाठ फिरवू नये. जामीन राहणे म्हणजे त्याला निर्दोष ठरवणे नव्हे. तो न्यायासमोर उभा राहील, एवढेच आपले वचन असते. मस्साजोगच्या कुटुंबाला आणि तुरुंगातल्या ऊसतोड्याला एकच न्याय हवा आहे. दोघांसाठीही आज प्रार्थना करू या.

आपला,
धर्मगुरू