हाताचा अभ्यासक्रम

महाराष्ट्रात शाळेचे पहिले सत्र जूनच्या मध्यावर सुरू होते आणि दिवाळीच्या सुट्टीला संपते. विदर्भात ऊन लांबते, म्हणून तिथली घंटा जरा उशिरा वाजते. या सत्रात तिसरी-चौथीचे मूल गणितात कुठवर आले, वाचनात किती पुढे गेले, हे पालकांना साधारण सांगता येते. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तीन विषयांबद्दल तोच प्रश्न विचारला, तर उत्तर उपक्रमांच्या यादीत मिळते. राख्या केल्या, बैल केले, पंधरा ऑगस्टला कवायत झाली, आकाशकंदील केला. काय केले ते कळते, काय शिकले ते कळत नाही. हातच्याची बेरीज आल्याखेरीज हातच्याची वजाबाकी कोणी शिकवायला घेत नाही. हाताच्या, डोळ्याच्या आणि अंगाच्या शिक्षणालाही असाच क्रम असतो. तो वेळापत्रकात छापलेला नसतो एवढेच, आणि म्हणून तो नाहीच असे धरले जाते.

कार्यानुभवातले मातीकाम पाहिले की हा क्रम उघड दिसतो. पावसाळ्यात माती ओली, शेताच्या बांधावर फुकट मिळणारी, आणि निमित्तही तयार: दक्षिण महाराष्ट्रात आषाढातला बेंदूर, इतरत्र श्रावण अमावास्येचा पोळा. वर्गात वीस-पंचवीस बैल होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बऱ्याच बैलांचे पाय गळालेले असतात. पाय गळतो त्याला कारण आहे. मुलाने धड एकीकडे वळले, पाय दुसरीकडे वळले आणि वाळत चाललेल्या धडाला ते नुसते दाबून चिकटवले. दोन्ही पृष्ठभागांवर काडीने ओरखडे काढायचे, मधे पातळ चिखल भरायचा, मग दाबून सांधा बोटाने सारवून घ्यायचा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. पाठीला तडा जातो त्याचेही कारण तसेच साधे आहे. पोट जाड आणि शिंगे बारीक, त्यामुळे बारीक भाग आधी सुकून आखडतो आणि जाड भाग मागे राहतो. माती तडकू नये म्हणून कुंभार तिच्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. शाळेत निदान माती चाळून, मळून, ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवता येते.

यातले प्रत्येक पाऊल शिकवता येते आणि तपासताही येते. पहिलीत माती मळणे, गोळा आणि वळी करणे, दुसरीत एकाच गोळ्यातून चिमटीने आकार ओढून काढणे, तिसरीत सांधा, चौथीत उभा राहील असा तोल. एका गोळ्यातून ओढून काढलेल्या बैलाचे पाय आखूड आणि जाड होतात, दिसायला तो बेंगरूळ असतो, पण गळत नाही. सातव्या वर्षी तोच बैल योग्य. शाळा मात्र बहुतेकदा पहिलीपासून पाचवीपर्यंत सर्वांना एकाच दिवशी एकच बैल करायला लावते आणि ज्याचा देखणा होतो त्याचा बैल टेबलावर मांडते. त्या देखण्या बैलामागे घरच्या मोठ्या माणसाचा हात असण्याचा संभव बराच असतो.

हाताने काम करण्याला शिक्षणात जागा देण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची मांडणी केली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. टकळीवर सूत कातताना तार मोजायची, वजन करायचे, हिशेब लिहायचा आणि कापसाबरोबर शेती, व्यापार, इतिहास शिकायचा, अशी ती कल्पना. पुढे कोठारी आयोगाने (1964–66) ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली आणि 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे नाव दिले. नावे बदलत गेली तशी कामातली उत्पादकता गळत गेली आणि शेवटी उरले ते रंगीत कागदाचे फूल. गांधींच्या योजनेवर टीका करायला जागा आहे. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागावा ही अपेक्षा त्या काळीही अनेकांना पटली नव्हती. पण एक गोष्ट त्या योजनेने पक्की धरली होती. वस्तू वापरायची होती, म्हणून ती नीट व्हावी लागत होती. कच्चे सूत तुटते आणि ते तुटले की चूक कातणाऱ्यालाच दिसते. कागदी फुलाला अशी कसोटी नसते. शाळेच्या परसबागेत लावलेली मेथी किंवा घेवड्याचा वेल ती कसोटी आजही लावतो: बी खोल गेले तर उगवत नाही, रोपे दाट राहिली तर फोफावत नाहीत. जूनमध्ये पेरलेले पहिल्या सत्रातच ताटात येते, हा या सत्राचा मोठा फायदा.

चित्रकलेत अडचण वेगळी आहे. सहा-सात वर्षांचे मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, त्याला माहीत असते ते काढते. घराच्या भिंतीआडची आई दिसते, बैलगाडीची दोन्ही चाके एका बाजूला येतात, आणि कागदाच्या तळाशी एक रेघ ओढून सगळे जग तिच्यावर उभे राहते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या आपल्या ग्रंथात या अवस्थांची मांडणी केली. ही चित्रे चुकीची नसून त्या वयाची आहेत, हे त्यातून कलाशिक्षकांना कळले. त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलाचे चित्र ‘दुरुस्त’ करण्यात अर्थ नसतो. तिथे शिकवायचे ते साहित्य: खडू आडवा धरला तर पट्टा येतो, पिवळ्यावर निळा घासला तर हिरवा होतो, कात्री सरळ ठेवून कागद फिरवायचा असतो. डावखुऱ्या मुलाची तर नेहमीची कात्री नीट चालतच नाही, आणि त्याच्या नावावर ‘हाताला वळण नाही’ असा शेरा पडतो.

नववे-दहावे वर्ष लागले की मुलाला आपले चित्र खरे वाटेनासे होते. नेमक्या या वेळी निरीक्षण शिकवायला हवे, आणि नेमक्या या वेळी फळ्यावरचे ठरीव निसर्गचित्र त्याच्या हाती पडते. दोन त्रिकोणी डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली नागमोडी नदी, कडेला झोपडी आणि नारळ. जिथून क्षितिजापर्यंत एकही डोंगर दिसत नाही अशा मराठवाड्यातल्या गावांतही मुले हेच चित्र काढतात. वारली चित्रांचेही तेच झाले. डहाणू-तलासरी भागात लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक लिहितात, त्याला विधीचा अर्थ आहे. जिव्या सोमा म्हशे (पद्मश्री, 2011) यांनी ती चित्रभाषा कागदावर आणून स्वतंत्र केली. शाळेत ती येते ती दोन त्रिकोण टोकाशी जोडून केलेला माणूस म्हणून. माणूस नाचताना कमरेतून कुठे वळतो, वाकतो तेव्हा वरचा त्रिकोण किती कलतो, हे पाहायला लावले तर त्या दोन त्रिकोणांइतके चांगले साधन चौथीसाठी दुसरे नाही. नुसते उतरवून काढले तर ती नक्षी होते.

संगीत या विषयांतले सर्वांत दुबळे अंग आहे. परिपाठात प्रार्थना, राष्ट्रगीत आणि राज्यगीत रोज होते. गाणे पाठ होते, सूर लागतोच असे नाही. केरव्याच्या आठ आणि दादऱ्याच्या सहा मात्रा टाळीवर धरता आल्या, तर पहिल्या सत्रापुरते तेवढे पुष्कळ.

शारीरिक शिक्षणाची गाठ पहिल्या सत्रात पावसाशी पडते. मैदान चिखलाचे, म्हणून तास वर्गात, आणि वर्गात आला की तो गणिताच्या पोटात जातो. पंधरा ऑगस्टच्या आधीचे पंधरा दिवस कवायतीला मिळतात. ती पाहुण्यांसाठी असते आणि तिच्यात रांग महत्त्वाची, मूल नव्हे. खरा खेळ दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडल्यावर सुरू होतो. त्यात खो-खो हा प्राथमिक शाळेसाठी जणू मुद्दाम घडवलेला खेळ आहे. दोन खांब आणि चुन्याच्या रेघा, एवढेच त्याला लागते. आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पट्टीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक असते. म्हणजे वेगवान मूल एकट्याने जिंकू शकत नाही. ‘खो’ कधी आणि कोणाला द्यायचा, हे ठरवावे लागते. बसलेल्या मुलाला खो पाठीमागून मिळतो, त्यामुळे त्याने सतत सावध बसायचे असते: पाय कसे दुमडले म्हणजे एका झटक्यात उठता येते, हाच त्याचा धडा. लंगडीत तोल, लगोरीत नेम, खो-खोत दिशा आणि निर्णय, असा चढता क्रम लावता येतो. शाळेच्या संघात निवडलेली मुले हे सारे शिकतात आणि उरलेली मैदानाच्या कडेला टाळ्या वाजवतात, ही सर्रास दिसणारी गोष्ट मात्र शिक्षण म्हणवून घेण्याच्या लायकीची नाही.

राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि या तीन विषयांना लेखी परीक्षेतून वगळून त्यांचे मूल्यमापन पूर्णपणे आकारिक ठेवले गेले. निर्णय योग्य होता. मातीचा सांधा प्रश्नपत्रिकेत तपासता येत नाही. पण परीक्षा गेल्यावर तिच्या जागी बारकाईने पाहणे यायला हवे होते, ते आले नाही. नोंदवहीत ‘चित्रात आकर्षक रंग भरतो’, ‘खेळात उत्साहाने भाग घेतो’ अशी वाक्ये येतात आणि ती पुढच्या मुलालाही तशीच लागू पडतात. ‘सांधा जोडताना ओरखडे काढतो, पण तोल जमत नाही’ अशी एक नोंद दुसऱ्या सत्रातल्या शिक्षकाला दहा विशेषणांपेक्षा उपयोगी पडेल.

शिकवायचे कोणी, हा प्रश्न कायद्याने अर्धा सोडवला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पट शंभराहून जास्त असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगते. पहिली ते पाचवीला तशी सोय नाही. तिथे वर्गशिक्षकच सगळे शिकवतात, आणि द्विशिक्षकी शाळेत तर एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. याचे दुःख करण्याचे फारसे कारण नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा वर्गशिक्षकाला मूल जास्त ठाऊक असते, आणि घेवड्याच्या वेलाची उंची गणिताच्या तासाला मोजायला लावणे त्यालाच जमते. त्याला कमी पडते ते कौशल्य. सेवापूर्व प्रशिक्षणात या विषयांच्या वाट्याला जे येते, त्यात माती क्वचितच असते.

तज्ज्ञ हवा तो इथे, शिक्षकाच्या मदतीला. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. शेजारच्या काही शाळा मिळून एक केंद्र होते आणि त्या केंद्राच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातले बरेच तास परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातात. जुलैच्या परिषदेत तालुक्यातला एखादा कुंभार आणि माध्यमिक शाळेतला चित्रकला शिक्षक बोलावून शिक्षकांनी स्वतः दोन तास माती मळली, तर पोळ्याच्या आधी सांध्याची युक्ती केंद्रातल्या प्रत्येक शाळेत पोहोचते. ऑगस्टमध्ये क्रीडाशिक्षकाला बोलावून खो-खोची बैठक आणि उठण्याची रीत समजून घेतली, तर दसऱ्यानंतरचे तास त्या कामी येतात. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू झाले की स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा आणि शिष्यवृत्तीचा सराव एकमेकांवर चढतात, आणि शिष्यवृत्तीच्या वर्गाचा कलेचा तास सर्वांत आधी कापला जातो. त्यामुळे या विषयांची पायाभरणी व्हायची असेल तर ती जून ते ऑक्टोबर या महिन्यांतच व्हावी लागते.