पाडा कोणाचा?

फोंडे महालातील आमचे कुळागर हे आता उपजीविकेचे साधन राहिलेले नाही, ही गोष्ट प्रथमच कबूल केलेली बरी. पोफळी, माड, त्यांवर चढलेल्या मिरवेली, दोन फणस, एक मानकुराद आंबा आणि ओहळाकाठच्या केळी एवढा त्याचा पसारा. शनिवारी दुपारी आम्ही सहकुटुंब तेथे जातो व सोमवारी पहाटे परततो. सुपारीतून पाडेल्याची मजुरी आणि पंपाची वीज भागली तरी आनंद मानावा, असा हा हौसेचा व्यवहार!

मुलांच्या हट्टास्तव तीन वर्षांपूर्वी आम्ही तेथे गाय आणली. श्वेतकपिला ही गोव्याची देशी जात. सर्वांगी पांढरी, दूध मात्र दिवसाला दोन-तीन लिटर. गेल्या श्रावणात ती व्याली आणि पाडा झाला. खरवस आम्ही आवडीने खाल्ला. पाच-सहा महिने लोटल्यावर राखणदाराने विचारले, "ह्याचे काय करावयाचे?" नांगराला बैल जुंपण्याचे दिवस गेले, शेत पॉवर टिलर नांगरतो. विकावा, तर घेणारा तो कशासाठी घेईल हे न समजण्याइतके आम्ही भोळे नव्हतो. तेव्हा त्या सरळ मनाच्या गृहस्थाने सुचविले, "देवाला सोडा."

ही सूचना मला क्षणभर फार सोयीची वाटली. देवळाच्या आवारात पाडा सोडावयाचा; पुण्याचे पुण्य आणि भाराची सुटका. वृषोत्सर्गाला शास्त्राचा आधार आहे, हेही वकिली बुद्धीने तत्काळ सुचले. परंतु ज्या गावात वृषभ सोडला जाई, त्या गावाला गायरान असे, गावकरीची सामाईक जमीन असे आणि गावच्या गायींना त्या वळूची गरज असे. सोडणे म्हणजे गावाच्या स्वाधीन करणे होते. आज आपण सोडतो ते डांबरी रस्त्याच्या स्वाधीन. रात्री मोटारीच्या उजेडात अकस्मात दिसणारी, प्रसादाच्या प्लॅस्टिक पिशव्या चघळणारी ती जनावरे कोणाची, हे देवळाच्या महाजनांना विचारून पाहावे. नको झालेली वस्तू देवाला वाहणे, याला अर्पण म्हणणे मला तरी जड जाते.

कायद्यात पाडा ही माझी जंगम मालमत्ता. येथे एक गंमत आहे. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक कुटुंबातील वादात प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, कुलदेवतेची मूर्ती ही नुसती जंगम वस्तू नव्हे; तिचे हित स्वतंत्र आहे, आणि ते मांडण्यासाठी निःस्वार्थी माणूस नेमला पाहिजे. मूर्तीला भूक लागत नाही, तरी तिच्या वतीने बोलणारा मिळाला. ज्याला भूक लागते त्याचे काय? १९६० च्या कायद्याने पाळणाऱ्यावर जनावराच्या सुस्थितीची जबाबदारी टाकली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या खटल्यात प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा उच्चार केला. २०२३ साली घटनापीठाने मात्र त्यांना मूलभूत हक्क देण्यापर्यंत जाण्याचे टाळले. न्यायालये येथवर आली आहेत. आमच्या घरी पाड्याच्या वतीने बोलली ती माझी बारा वर्षांची मुलगी. "बाबा, दूध त्याच्यासाठीच आलं होतं ना?" एवढेच ती म्हणाली. उलटतपासणीत इतका अडचणीचा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल.

गरीब शेतकऱ्याने पाडा विकला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्याच्यापुढे चाऱ्याचा खर्च आणि घरातली तोंडे असतात. माझ्यापुढे केवळ हौस होती. हौसेने आणलेल्या जिवाचा खर्च गरजेच्या तराजूत तोलणे, हा मला अप्रामाणिकपणा वाटला. पाडा राहिला. आंब्याखाली त्याला वेगळा गोठा झाला. त्याने केळीची दोन रोपे खाल्ली, आणि घरच्या मंडळींनी त्याची नुकसानभरपाई माझ्याकडून वसूल केली.

परवा पशुवैद्य येऊन गेले. आता असे रेतन मिळते की दहांपैकी नऊ वेळा कालवडच जन्मते, असे त्यांनी सांगितले. पाड्याचा प्रश्न त्याच्या जन्मापूर्वीच मिटवावयाचा! मी त्यांना अद्याप होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. मुलीला हे अजून सांगावयाचे आहे.