धूर की धुकं?

आषाढात विसापूरवर ढग टेकले की भाजे गावातून डोंगर धुमसतोय असं वाटतं. डोंगरावर धूर, म्हणून तिथे आग, हे तर्कशास्त्रातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण मावळातल्या माणसाने रचलेलं नसावं. बौद्ध तार्किकांना मात्र आमची हवा ठाऊक असावी. दिसतंय तो धूर की वाफ याचीच खात्री नसेल, तर तो हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, ‘संदिग्धासिद्ध’. अनुमान पहिल्याच पायरीवर घसरलं, असं ते सांगतात.

डोंगराचा उतार ढासळेल का, याची अनुमानं करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आत्या भाज्यात राहते. २०१४ला माळीण गाव दरडीखाली गेलं तेव्हा ती गप्प होती. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडी तशीच गेली, तेव्हा मात्र तिने विचारलं, “तुझा काँप्युटर काय म्हणतो रे? आपला डोंगर ऱ्हाईल का?”

काँप्युटर डोंगर पाहत नाही. मी उताराच्या छेदाचे बारीक त्रिकोण पाडतो, प्रत्येकाला वजन, चिकटपणा आणि घर्षणकोन देतो. मग मातीचं बळ एकाच संख्येने भागत जातो. घर्षणकोन ३० अंश असेल तर १.५ने भागल्यावर (कोन नव्हे, त्याची स्पर्शज्या) तो साधारण २१ उरतो. असं करता करता ज्या संख्येला पडद्यावरचा डोंगर ढासळतो, तो त्याचा सुरक्षा गुणक. झिएनकिविझ आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलेली ही वाट. डोंगर किती भक्कम ते कळायला आधी तो पाडावा लागतो!

नैयायिक आणखी एक खोच काढतात. धूर तिथे आग हे खरं, पण आग तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात आग आहे, धूर नाही. धुरासाठी सरपण ओलं हवं. ही लपलेली अट म्हणजे ‘उपाधी’. माझ्या धंद्याची उपाधीही नेमकी ओलच आहे. केवळ घर्षणावर तगलेल्या मातीत पाणी पृष्ठभागापर्यंत चढून उताराच्या दिशेने वाहू लागलं की गुणक जवळजवळ निम्मा होतो. १.५चा पाऊण.

आणि पाण्याची ती रेषा मी आखतो कशावरून? बोअर मारले जातात मे महिन्यात, कारण पावसात यंत्र वर चढत नाही. काळ्या खडकाच्या दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा पाणी खाली सोडत नाही, आडवं पाझरवतो. ते कुठून फुटेल हे कोरड्या भोकात दिसत नाही. म्हणजे माझा हेतूही धुक्यातलाच. तरी उत्तर दशांशासकट छापून येतं. मला याची लाज वाटते.

“भाज्याची लेणी दोन हजार वर्षं उभी हायेत की,” आत्या म्हणाली. अनुमान चोख, पण पक्ष, म्हणजे ज्याबद्दल अनुमान करायचं ती वस्तू, चुकला. लेणी अखंड खडकात आहेत. तिचं घर खडकाखाली साचलेल्या मातीदगडांवर.

तिला मी गुणक सांगितला नाही. घरामागचा झरा एकाएकी गढूळ झाला, उताराला नवी भेग पडली, झाडं कलली, की माझ्या फोनची वाट न बघता निघ, एवढंच म्हटलं.

“आन रात्री कसं दिसायचं?”

इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्रीच.