पाटीचा तळ

सॉफ्टबॉलमध्ये मुलींच्या सामन्यात पिचरच्या पायापासून होम प्लेट ४३ फुटांवर असते. मालवणजवळच्या एका गावात हे अंतर आजोबांनी दोरी पसरत्या हातांनी मापून आखून दिलं: सात वाव आणि वर एक फूट. जन्मभर पाण्याची खोली वावांत मोजलेल्या माणसाला टेप कशाला लागतेय? नात बारावीत, संघाची पिचर. शाळेचं मैदान जांभ्याचं, तिथे घसरून बेस गाठायचा म्हणजे गुडघे सोलून घ्यायचे. म्हणून सराव ओहोटीच्या घट्ट वाळूत.

तिला खेळाच्या जोरावर पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. पण एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत संघ जिल्हा जिंकून विभागात हरला होता, म्हणजे राज्याचं प्रमाणपत्र नाही. टक्क्यांचं म्हणाल तर कोकण बोर्डात ते कोणाकडे नसतात? अमेरिकेत शाळकरी मुलगी अकरावीत गेली की १ सप्टेंबरपासून विद्यापीठांचे सॉफ्टबॉल प्रशिक्षक तिला स्वतः फोन करू शकतात. आपल्याकडे मुलीनेच दार वाजवायचं.

राज्याचं प्रमाणपत्र ‘करून देणारा’ एक जण घरी येऊन गेला. वडिलांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, हे त्यांना माहीत होतं. माहीत नसतं तर काय केलं असतं, ते मी विचारलं नाही.

मग पोरीने मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ जुळवला. वीस चेंडू, वीसही स्ट्राइक, मागे दणदणीत गाणं. पाच कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांना पाठवला. चौघांकडून काहीच नाही, पाचव्याकडून एक अंगठा.

आजोबा त्या सकाळी रापणीवरून आले होते. हात खाऱ्या पाण्याने सुरकुतलेले, तसेच पुसून त्यांनी मोबाइल धरला आणि दोनदा पाहिलं.

“बरा असा. पण तुझो एक पण बॉल चुकाक नाय?”

“चुकलेले काढून टाकलंय.”

आजोबा हसले. “लिलावात पाटी येता ना, वर चार मोठे बांगडे लावलेले. घेणारो काय करता? तळाक हात घालता. तळाक बारीक गावलो, तर वरचो मोठो पण त्येका खोटो वाटता.”

तिला राग आला. चार दिवस ती त्यांच्याशी नीट बोललीच नाही. आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं: आपली चूक परक्यासमोर कोण मांडतं? पाचव्या दिवशी तिने विभागातल्या हरलेल्या सामन्याचं अख्खं चित्रण शोधलं. एका मैत्रिणीच्या आईने जाळीमागून काढलेलं, हलतं, वाऱ्याच्या आवाजाचं. त्यातल्या तीन इनिंग्ज एकही चेंडू न कापता पाठवल्या. सोबत चार ओळी: उंची, वय, कोणता चेंडू हुकमी पडतो, कोणता अजून हातात बसलेला नाही.

आठवड्याने एका बाईंचा फोन आला. त्यांनी स्ट्राइकचं नावही काढलं नाही.

“दुसऱ्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर त्यांची रनर होती. तुझा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून गेला. बहुतेक मुली तिथेच डोक्याला हात लावतात. तू चेंडू सुटल्याबरोबर होमकडे धावलीस, प्लेट अडवलीस, कॅचरचा थ्रो घेऊन रनरला बाद केलंस. कोणी शिकवलं?”

पोर गोंधळली. पहिल्या व्हिडिओतून तिने हाच चेंडू आधी कापला होता.

“शिकवलं असं नाही,” ती म्हणाली. “रापण ओढताना जाळ्याचा तळ उचलला गेला की मासे तिथूनच निसटतात. मग कोणाच्या हातून झालं ते कोणी बघत नाही, जवळ असेल तो तिकडे धावतो.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाई म्हणाल्या, “जूनमध्ये निवड चाचणी आहे. ये. ग्लोव्ह स्वतःचा आण.”

आजोबा पडवीत जाळं विणत बसले होते.

“घेतल्यानी?”

“नाय. चाचणीक बोलवल्यानी.”

“मगे बरा,” म्हणत त्यांनी गाठ ओढली आणि दोरा दाताने तोडला.