हिशेब लागणे आणि हिशेब बसवणे

जमाखर्चाविषयी बोलताना आपण मराठीत दोन निराळी क्रियापदे वापरतो. तपासता तपासता जमा आणि खर्च या दोन्ही बाजू आपोआप जुळून आल्या, म्हणजे ‘हिशेब लागला’ असे म्हणतो. त्या जुळत नसताना एखादी रक्कम इकडची तिकडे करून, एखादी पावती मागाहून लिहून त्या जुळवल्या, म्हणजे ‘हिशेब बसवला’ असे म्हणतो. पहिल्या प्रयोगात कर्ता हिशेब आहे. माणसाने केवळ शोध घेतला. दुसऱ्यात कर्ता माणूस आहे, आणि हिशेबाला त्याच्या इच्छेपुढे मान तुकवावी लागली आहे. कागदावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

हा भेद आज मांडण्याचे कारण असे की, दरवर्षी एका मोठ्या वर्गावर या दोहोंपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग येतो. दुसऱ्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणारे सनदी लेखापाल, करसल्लागार आणि त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणारी तरुण मुले हा तो वर्ग होय. हिशेब लावण्याची ज्याची मनापासून इच्छा आहे, त्यास तो बसवण्यापुरताच वेळ दिला, तर त्यातून घडणाऱ्या असत्याचा दोष कोणाचा? आमच्या मते हा प्रश्न केवळ त्या व्यवसायाचा नाही. तो आपल्यासारख्या प्रत्येक गृहस्थाचा आहे.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात अशा एखाद्या कचेरीत डोकावून पाहावे. म्हापशाच्या बाजारातील माडी असो, बेळगावच्या खडेबाजारातील खोली असो, की इंदूरच्या राजवाड्याजवळची पेढी असो, दृश्य एकच. टेबलावर बँकांचे खातेउतारे, विम्याच्या पावत्या, औषधांची बिले भरलेल्या पिशव्या; काही पिशव्यांवर मालकाचे नावही नसते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुदतीच्या तारखेभोवती लाल वर्तुळ. सरकारी संकेतस्थळ मध्येच अडते. ओटीपी ज्याच्या फोनवर जावयाचा तो अशील फोन उचलत नाही. जेवणाचा डबा दुपारी उघडलेला तसाच राहतो. रात्री अकरा वाजता कोणी घाईघाईने येतो आणि म्हणतो, “माझे काय, पाच मिनिटांचे काम आहे.” त्या पाच मिनिटांच्या कामांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते.

ही अतिशयोक्ती नव्हे. २०२४ साली ३१ जुलैपर्यंत देशात ७ कोटी २८ लाखांवर विवरणपत्रे दाखल झाली. त्यांपैकी ६९ लाख ९२ हजार एकट्या शेवटच्या दिवशी, आणि त्यातही ५ लाख ७ हजार सायंकाळी सात ते आठ या एका तासात! २०२५ साली विवरणपत्रांच्या नमुन्यांत मोठे बदल झाल्याने सरकारने ३१ जुलैची मुदत वाढवून १५ सप्टेंबर केली. दीड महिना अधिक मिळाला. तरीही तो दिवस येताच संकेतस्थळ अडखळले आणि मुदत आणखी एका दिवसाने वाढवावी लागली. पितृपंधरवडा चालू होता. घरी पितरांचे पान वाढून ठेवलेले, आणि श्राद्धाचा कर्ता कचेरीत दुसऱ्याचे आकडे मांडतो आहे, असे कितीतरी घरांत घडले असेल. मुदत वाढल्याने गर्दी ओसरत नाही. ती नव्या तारखेला जाऊन उभी राहते.

झोप गेली, सण गेला, याविषयी सहानुभूती वाटणे सोपे आहे. पण घाईत याहून मोलाची एक वस्तू हरवते, आणि ती म्हणजे विचारावयाचा प्रश्न. व्याज, लाभांश, समभागांची विक्री यांची माहिती सरकारकडे आता परस्पर पोहोचते आणि वार्षिक माहिती विवरणात छापून येते. तेथे विचारण्यासारखे थोडेच उरते. पण घरभाड्याची ही पावती खरी आहे काय, ही देणगी खरोखर दिली काय, दुकानातली रोख सगळी खात्यात आली काय, हे यंत्र सहसा विचारत नाही. ते समोर बसलेल्या माणसाने डोळ्यांत पाहून विचारावयाचे असते. जूनमध्ये तो विचारतो. शेवटच्या रात्री विचारत नाही. कारण उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढे काय करावे यासाठी लागणारा वेळच त्याच्यापाशी नसतो.

गोव्यातील वाचकांस याचे एक खास उदाहरण देता येईल. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे तेथे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणून १९९४ साली १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ पूर्वलक्षी प्रभावाने घालण्यात आले आणि वेतन सोडून अन्य उत्पन्न पतिपत्नींमध्ये निम्मे निम्मे वाटले जाऊ लागले. एका दुकानाच्या उत्पन्नाची दोन विवरणपत्रे होतात. अर्ध्या उत्पन्नाची धनीण, आणि म्हणून अर्ध्या सत्याची जबाबदार, पत्नी ठरते. कायद्याने तिला केवढा मान दिला! पण शेवटच्या दिवशी तो मान कोठे उरतो? घरून तिने फोनवर आलेले सहा आकडे सांगावयाचे, एवढाच तिचा संबंध. आपल्या नावाने काय लिहिले गेले हे तिला कोणी वाचून दाखवीत नाही. वाचून दाखवण्यास जी दहा मिनिटे लागली असती, ती कोणी तरी आधीच खर्चून टाकलेली असतात.

या ठिकाणी एकनाथमहाराजांची कथा आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या आज्ञेने ते हिशेब लिहीत असता एका पैची चूक निघाली. ती शोधण्यासाठी त्यांनी रात्रभर दिवा जाळला, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. एवढी एकाग्रता ईश्वरचरणी लाग, असे गुरूंनी त्यांस सांगितले, हे तात्पर्य आपण कीर्तनांत ऐकत आलो आहोत. पण कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नाथांना ती रात्र संपूर्ण मिळाली होती. चूक सापडेपर्यंत जागण्याची मुभा होती. ‘एक पैच ना, बसवून टाक’ असे म्हणणारा तेथे कोणी नव्हता. आजच्या लेखनिकाच्या वाट्यालाही जागरण येते; पण त्याच्या एका रात्रीवर शंभर वह्यांचा हक्क असतो. त्याला टाळी वाजवण्याची संधी कोण देणार?

लेखापालांच्या संस्थेला या धोक्याची जाणीव आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेने आपले ब्रीद कठोपनिषदातून घेतले; सारे निद्रिस्त असता जो जागा राहतो, अशा अर्थाचे ते आहे. तेथे जागणे म्हणजे डोळे उघडे ठेवणे नव्हे, तर विवेक जागा ठेवणे. याच संस्थेने एका सभासदाने वर्षात किती कर-लेखापरीक्षणे करावीत याला ६० ची मर्यादा घातलेली आहे. यात आम्हांस एक मोठे तत्त्व दिसते. माणसाची शक्ती मर्यादित असते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सदसद्विवेकालाही माप असते, एका मनाला ठरावीक संख्येपेक्षा अधिक सत्यांची शाई वाळेपर्यंत राखण करता येत नाही, हे या नियमाने मान्य केले आहे.

यावर कोणी म्हणेल, “तो मोबदला घेतो ना? मग सांभाळणे त्याचे काम.” आमचे उत्तर असे की, मोबदल्याने श्रम विकत घेता येतात; न पाहण्याची तयारी विकत घेता येत नाही, आणि घेतली तर तो व्यवहार दोघांनाही लागतो. पतंजलींनी योगसूत्रांत हिंसादी दोषांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानले आहेत: स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करवलेला आणि मूकपणे मान्य केलेला. खोटी रक्कम लिहिणारा हात पहिल्यात येतो. पाहून गप्प बसणारा वरिष्ठ तिसऱ्यात. आणि जो अकरा महिने कागद कपाटात ठेवून शेवटच्या रात्री पिशवी आणून टाकतो, त्याने तोंडाने ‘खोटे लिहा’ असे म्हटले नसले तरी तो दुसऱ्यापासून फार दूर नाही. खरे लिहिण्यास लागणारा अवकाश त्याने हिरावून घेतला आहे. उशीर हा आपण आळसाच्या सदरात टाकतो. तो पुष्कळदा असत्याच्या सदरात पडतो.

सारा भार अशिलावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. नमुने उशिरा प्रसिद्ध करणारे, ऐन वेळी बदल करणारे शासनही या घाईत वाटेकरी आहे. आणि घाईचा बाजार मांडणारे लोक या व्यवसायातही आहेत. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटींच्या संदर्भात देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. मोठा परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवून, त्यावर दलाली घेऊन खोटे दावे भरणारे मध्यस्थ त्यात आढळले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही खात्याने सांगितले. ज्या कलमांखाली असे दावे झाले, त्यांत धर्मादाय देणगीचे कलमही होते. न दिलेल्या दानाचे पुण्य सरकारदरबारी मागणे, याहून करुण विनोद कोणता?

दानाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या देवस्थानांविषयीही बोलले पाहिजे. आपले खजिनदार बहुधा विनावेतन सेवा करणारे सज्जन असतात. उत्सवाचा खर्च घाईत होतो, फुलवाल्याची पावती राहते, मंडपवाल्याला रोख दिली जाते, आणि वर्षअखेरीस सारे लेखापरीक्षकाच्या पुढ्यात येते. सोबत एक वाक्य येते: “देवाचे काम आहे, जरा सांभाळून घ्या.” या शब्दांचा खरा अर्थ पाहावा. सांभाळणे म्हणजे जपणे. देवाचे द्रव्य सांभाळावयाचे म्हणजे दाण्यादाण्याचा हिशेब लावावयाचा. आपण मात्र तेच शब्द ‘पाहू नका’ या अर्थाने वापरतो. जो लेखापरीक्षक अशा वेळी पावती मागतो तो देवकार्यात विघ्न आणीत नसतो; त्या घटकेला देवाच्या बाजूने बोलणारा कदाचित तो एकटाच असतो.

मग करावयाचे काय? उपाय थोर नाहीत. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. गुढीपाडव्याच्या सुमाराचेच ते दिवस. त्या चैत्रातच वर्षाचे कागद एका ठिकाणी लावून ठेवावेत आणि ज्येष्ठ सरण्यापूर्वी ते ज्याच्याकडे द्यावयाचे त्याच्याकडे पोहोचवावेत. देवस्थानाने उत्सव आटोपताच आठ दिवसांत त्याचा जमाखर्च महाजनांपुढे ठेवावा. पतिपत्नींनी एकत्र बसून विवरणपत्र वाचावे, समजून घ्यावे, आणि मगच संमती द्यावी. करसल्लागाराने अडचणीचा प्रश्न विचारला तर त्याचा राग धरू नये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण वहीला हळदकुंकू वाहतो. त्या वहीत जे लिहावयाचे ते खरे लिहिण्यास दुसऱ्याला पुरेसा वेळ देणे हाही त्या पूजेचाच भाग आहे. तेवढे आपल्याकडून झाले, तर मुदतीच्या रात्री कचेऱ्यांतले दिवे थोडे लवकर मालवतील आणि निदान काही हिशेब तरी बसवले न जाता लागतील.