कात कोणाची?

मराठीत ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार मोठ्या कौतुकाने वापरला जातो. एखादी मरगळलेली संस्था उभारी धरते, दुखण्याने खंगलेला मनुष्य पुन्हा उमेदीने कामाला लागतो, एखादे गाव दहा वर्षांत ओळखू येईनासे होते, तेव्हा त्याने कात टाकली असे आपण म्हणतो. या वाक्यात कर्ता नेहमी बदलणारा स्वतःच असतो. कोणी दुसऱ्याची कात काढून दिली, असे गौरवाने म्हटलेले निदान आमच्या ऐकण्यात नाही. भाषेने येथे नकळत एक नैतिक निर्णय देऊन ठेवला आहे. जीर्ण झालेले टाकण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे, असा तो निर्णय.

हा निर्णय कितपत खरा, हे तपासून पाहण्याचा प्रसंग आता अगदी अनपेक्षित ठिकाणी आला आहे. मोठ्या शहरांतील काही घरांत काचेच्या पेटीत अजगर पाळला जातो; आणि त्याची कात नीट उतरली नाही, अंगावर तुकड्या-तुकड्यांनी अडकून राहिली, तर काय करावे, असा प्रश्न पाळणाऱ्याला पडतो. वरवर पाहता हा पशुवैद्याचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या ठायी घडणाऱ्या स्थित्यंतरात आपला हात किती असावा? साहाय्य कोठे संपते आणि आक्रमण कोठे सुरू होते?

हा अजगर कोणता, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या रानातील अजगर घरी बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. घरांत आढळतो तो बहुधा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ या जातीचा. भ्याला म्हणजे तो डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. अशा विदेशी प्राण्यांनाही २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या कक्षेत आणले, आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी आवश्यक केली. कायद्याचा भाग एवढाच. आमच्या बहुतेक वाचकांचे आयुष्य नियमांच्या सहवासात गेलेले आहे. नोंद झाली म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे, हे त्यांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

आता कात टाकण्याची क्रिया पाहू. सापाच्या बाह्य त्वचेखाली नवी त्वचा तयार होते, आणि ती पुरती झाली की दोहोंच्या मध्ये एक द्रव झिरपतो व जुनी त्वचा सुटी होऊ लागते. या काळात अंगाचे रंग मळकट दिसतात आणि डोळ्यांवर निळसर-राखी धुके येते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसविलेला असतो, आणि कातीबरोबर तोही बदलतो. म्हणून या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. तो अन्न बहुधा नाकारतो, लपून राहतो, स्पर्शाने चिडतो. काही दिवसांनी धुके निवळते. पाहणाऱ्याला वाटते, संकट टळले. परंतु कात त्यानंतरच पडावयाची असते. मग तो तोंड खरखरीत वस्तूवर घासतो, ओठांपाशी कात फाटते, आणि पायमोजा उलटा करीत काढावा तशी ती मागे मागे सोलवटत जाते. प्रकृती व परिस्थिती ठीक असेल तर ती डोळ्यांच्या खवल्यांसह शेपटीच्या टोकापर्यंत अखंड उतरते. लहान वयात हे साधारण महिन्या-दीड महिन्याने घडते, मोठेपणी त्याहून विरळ.

या सर्व व्यापारात माणसाला कोठेच जागा नाही, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. मग ती अडते का? आजार, गोचिडीसारखे बारीक परजीवी, जुन्या जखमा ही कारणे आहेतच; पण सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोरडी हवा आणि अंगातील पाण्याची कमतरता. आपल्या देशात हा अजगर दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत काढतो, आणि तेथील हवा बाहेरच्या मानाने दमट असते. या प्राण्याला हवेत सुमारे ६० टक्के आर्द्रता लागते. कात टाकण्याच्या दिवसांत त्याहून थोडी अधिक. दिल्लीच्या मे महिन्यातील लू, किंवा वातानुकूलित खोलीतील शुष्क गारवा, यांत हे प्रमाण आपोआप कोठून राहणार? वाळलेली कात मग द्रवाच्या अभावी सुटत नाही. ती कागदासारखी चिकटून बसते.

येथे आमच्या विचाराचा पहिला टप्पा येतो. अडकलेली कात सोडविण्यास जो धावतो, त्याला आपण दया करीत आहोत असे वाटते. वस्तुतः ज्याने प्राण्याला वारुळातल्या ओलाव्यापासून तोडून काचेत ठेवले, त्याच्याच कृतीतून ही अडचण जन्मली आहे. ज्याने विहीर बुजविली, त्याने घागरभर पाणी आणून दिले तर ते दान नव्हे, ऋणाची फेड होय. आणि ऋण फेडणाऱ्याच्या वृत्तीत दात्याचा दिमाख शोभत नाही. ही जाणीव असली तर हात आपोआप सावध होतो. नसली तर तो उपकाराच्या ओघात वाटेल ते करू लागतो.

तो काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. सुटलेला एक कोपरा दिसला की चिमटीत धरून ओढावा, असा मोह होतो. या मोहात करुणा किती आणि सोलण्याची गंमत किती, हे ज्याचे त्याने तपासावे. ओढल्याने खालची नवी, अजून नाजूक असलेली त्वचा फाटते. डोळ्यावरचा खवला चिकटपट्टीने वा चिमट्याने उपटू पाहणाऱ्याने डोळाच गमावून दिल्याची भीती असते. तेथे जाणकार सांगतात ते एवढेच, की दमटपणा वाढवा, पुढच्या कातीची वाट पाहा, किंवा सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. नागपंचमीला सापापुढे दुधाची वाटी धरणाऱ्याच्या मनात श्रद्धा असते. पण दूध हे सापाचे अन्न नव्हे, आणि तहानेने व्याकूळ केलेला साप ते पितो तेव्हा त्याचे हित होत नाही. सेव्याची गरज न पाहता केलेली सेवा ही सेवकाच्याच समाधानाची असते.

कोणी म्हणेल, मग हात मागे घ्यावा. निसर्ग आपले पाहून घेईल. हा युक्तिवाद ऐकावयास निर्मळ वाटतो, पण आम्हांस तो मान्य नाही. निसर्ग काचेच्या पेटीत राहत नाही. शेपटीच्या टोकाभोवती राहिलेले कातीचे वळे सुकून आवळत जाते, पुढच्या वेळी त्यावर आणखी एक चढते, रक्तप्रवाह तुटतो आणि टोक मरते. ज्याला आपण परावलंबी केले, त्याच्या अडचणीच्या वेळी तटस्थतेचे तत्त्वज्ञान सांगणे म्हणजे जबाबदारी टाळणे होय. कचेऱ्यांतून ही रीत आपल्या परिचयाची आहे. अवघड प्रकरण पुरेसे दिवस टेबलावर पडू दिले तर ते आपोआप मिटते, असे म्हणणारे असतात. मिटते ते प्रकरण की माणूस, याची चौकशी सहसा होत नाही.

ओढणे चूक आणि पाहत बसणेही चूक, तर मग योग्य काय? अनुभवी पाळणारे जे करतात, त्यातच आमच्या मते याचे उत्तर आहे. ते प्रथम परिस्थिती सुधारतात. ओलसर शेवाळ घातलेला, भोक पाडलेला एक डबा पेटीत ठेवतात. त्यात शिरावे की नाही हे अजगर ठरवितो. अंग घासावयास खरखरीत लाकूड वा दगड ठेवतात. पाण्याचे भांडे भरलेले ठेवतात. हवा दमट करतात, पण कोंदट होऊ देत नाहीत, कारण सततच्या ओलीने खवले कुजतात व श्वसनाचे विकार जडतात. या दिवसांत त्याला हाताळत नाहीत. आणि एवढे करूनही कात अडलीच, तर उथळ, कोमट पाण्यात त्याला थोडा वेळ ठेवून मग ओला टॉवेल हातात सैल धरतात व त्याच्या घडीतून अजगराला जाऊ देतात.

या टॉवेलापाशी आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. तेथे हात आहे, पण ओढ नाही. बिळाच्या तोंडाने किंवा झाडाच्या सालीने जो विरोध दिला असता, तेवढाच विरोध तो हात देतो. पुढे सरकणे अजगराचे, वेग त्याचा, थांबणेही त्याचेच. टॉवेल आवळला तर तो ओढण्याचाच प्रकार झाला. अगदी सोडून दिला तर उपयोग नाही. किती घट्ट धरावे, याचे मोजमाप कोणत्याही पुस्तकात देता येणार नाही. ते समोरच्याच्या हालचालीवरून क्षणोक्षणी ठरवावे लागते. साहाय्याची आमची कल्पना अशी आहे. दुसऱ्याचे स्थित्यंतर आपल्या अंगावर न घेता, त्याच्या बळाला टेकावयास जागा करून देणे, हे ते साहाय्य.

महाभारताच्या वनपर्वातील अजगराची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेल्या नहुषाने भीमाला विळखा घातला, तेव्हा भीमाचे प्रचंड बळ निरुपयोगी ठरले. युधिष्ठिराने बळ वापरले नाही. अजगराने विचारलेल्या प्रश्नांची त्याने उत्तरे दिली. भीम सुटला, आणि नहुषही त्या देहातून मुक्त झाला. प्रश्न अजगराचे होते, हे विसरता कामा नये. विचारल्यावाचून सांगितलेल्या ज्ञानाने तो सुटला असता, असे कथा म्हणत नाही.

मुलांच्या बाबतीत, हाताखालच्या नवशिक्या माणसाच्या बाबतीत, हाच विवेक लागू पडतो, हे वाचक जाणतील. तो विस्तार आम्ही करीत नाही. त्याहून अधिक बोचणारा एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. हा अजगर योग्य सांभाळ झाला तर वीस-तीस वर्षे जगतो. ज्याची बदली दर तीन-चार वर्षांनी होते, त्याने हे ऋण पत्करावे काय? दमट मुंबईत नीट कात टाकणारा प्राणी कोरड्या जयपुरात अडेल, हा एक भाग. आणि सांभाळ होईना म्हणून त्याला रानात सोडणे तर सर्वांत वाईट; ते त्या परक्या प्राण्यालाही घातक आणि रानालाही. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या दलदलीत आशियातील अजगरांनी तेथील वन्यप्राण्यांचा जो संहार चालविला आहे, त्याचे मूळ अशाच सोडलेल्या व निसटलेल्या प्राण्यांत आहे. कात काढण्यास मदत कशी करावी, याच्या आधीचा प्रश्न, ती मदत लागेल अशा स्थितीत एखाद्याला आणावे काय, हा आहे. आमचे उत्तर, आणू नये, असे आहे. परंतु जे आणून बसले आहेत, त्यांना केवळ उपदेश करून त्या प्राण्याचे हित होणार नाही. त्यांनी पेटीतली हवा आजच तपासावी.

बृहदारण्यक उपनिषदात वारुळावर पडलेल्या निर्जीव कातीचा दृष्टांत आला आहे. आसक्ती गळालेल्या पुरुषाचे शरीर असेच पडून राहते, असे ऋषी सांगतात. त्या चित्रात कात आहे, वारूळ आहे. कात काढणारा कोणी नाही. साप केव्हाच पुढे गेलेला आहे. काचेच्या पेटीत सकाळी अखंड कात पडलेली दिसली, तर पाळणाऱ्याने ती आपल्या कौशल्याची निशाणी म्हणून मिरवू नये. डोळ्यांचे दोन्ही खवले आणि शेपटीचे टोक तीत आले आहे ना, एवढे उजेडात धरून पाहावे, आणि पाण्याचे भांडे पुन्हा भरावे.