वहिवाट

आफ्रिकेच्या पाणथळीत हॅमरकॉप नावाचा एक तपकिरी पक्षी आहे. मागे वळलेली शेंडी आणि पुढची चोच मिळून त्याचे मस्तक हातोड्यासारखे दिसते, म्हणून हे नाव. देहाने तो आपल्या गायबगळ्याएवढाच. परंतु झाडाच्या बेचक्यात हजारो काटक्या रचून तो जो घुमट उभारतो, त्याचा व्यास कधी दीड मीटर भरतो, त्यावर माणूस उभा राहिला तरी तो खचत नाही, आणि आतल्या दालनाला चिखलाचा गिलावा देऊन वाट मात्र खालून, एका अरुंद बोगद्यातून ठेवलेली असते. एवढ्यानेही त्या दांपत्याचे समाधान होत नाही. अंडी घालायची असोत वा नसोत, वर्षाकाठी तीन ते पाच घरटी बांधणे चालूच, आणि त्यांत पुढे घुबडे नि साप बिनदिक्कत मुक्काम ठोकतात!

नाकाडोंगरीहून तुमसरकडे येताना रान मागे पडून धानाच्या बांध्या लागल्या, आणि चिखलात वाकलेल्या रोवणीच्या बायका दिसल्या, की मला या किल्लेदारापेक्षा पूर्वेकडच्या गोंदियाचा सारस आठवतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, माणसाच्या उंचीला भिडणारा हा पक्षी. पण त्याचे घर म्हणजे भोवतालचे गवत, लव्हाळे आणि धानाची रोपे उपटून उथळ पाण्यात रचलेला एक उघडा ढीग. त्यावर बहुधा दोनच अंडी, आणि नर-मादीने महिनाभर आळीपाळीने केलेली राखण. ना छप्पर, ना बोगदा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियात, आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे.

हॅमरकॉपची सावधगिरी मला पूर्वी अधिक शहाणपणाची वाटे. हल्ली तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण येथल्या तलावांत आहे. या मुलुखातील कोहळी समाजाने खोदलेल्या तलावांची मालकी 1951 साली मालगुजारी (जमीनदारी) पद्धतीबरोबर गेली आणि ते सरकारजमा झाले, तरी त्यांच्या पाण्यावर रयतेचा निस्तार (वापराचा हक्क) उरलाच. म्हणजे दप्तरातील नाव एक आणि वहिवाट दुसरी, ही गोष्ट येथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सारसाचा सारा संसार याच समजुतीवर उभा आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, आणि विषारी फवारा, विजेची तार किंवा अंडी उचलणारा एखादा हात यांच्यापुढे त्याच्या गवताच्या ढिगाचा काही इलाज चालत नाही. कास्तकाराने मनात आणले तर ते घर दोन फावड्यांत नाहीसे होईल. त्याने मनात आणले नाही, तर रोवणीची ओळ तेवढ्यापुरती वळसा घेते, आणि उंच मानेचा तो पक्षी तिच्याकडे पाहत अंड्यांवर बसून राहतो.